सेल्फचा ‘टक्’ आणि इंजिनाचे अर्थिंग

माझ्या तेवीस वर्षांच्या गाडीने सकाळी सुरू होताना कुरकुर करायला सुरुवात केली, त्याला आता काही महिने झाले. किल्ली फिरवली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) दोनदा जडपणे घुमायचा, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावायचे आणि तिसऱ्या प्रयत्नाला नुसता ‘टक्’ असा आवाज यायचा. असे लक्षण दिसले की जो तो बॅटरीकडे बोट दाखवतो. मीही तेच केले आणि काहीही न मोजता नवी बॅटरी आणून बसवली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पुन्हा तोच ‘टक्’.

मल्टिमीटर मी त्यानंतर हातात घेतला, जो खरे तर आधी घ्यायला हवा होता. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली होती. ढकलून सुरू केल्यावर तोच आकडा 14.2 वर गेला, म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटरही निर्दोष ठरला. मग मीटर ‘बीप’च्या खुणेवर ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यातील जोडणी, म्हणजे प्रवाह बॅटरीकडे परत नेणारे अर्थिंग, तपासले. बीप स्पष्ट वाजला आणि अर्थिंग ठीक आहे असे मी वहीत लिहूनही टाकले. त्या एका ओळीने माझा आणखी एक रविवार वाया घालवला, कारण त्या दिवशी मी सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश तपासत बसलो आणि ते उत्तम स्थितीत निघाले.

बीपवर विसंबणे येथे चुकीचे का, हे कागदावर गणित मांडल्यावर लक्षात आले. लहान पेट्रोल इंजिन फिरवताना सेल्फ सहज दीडशे अँपिअर प्रवाह ओढतो. त्या प्रवाहाच्या परतीच्या वाटेत केवळ 0.012 ओहमचा अडथळा असला, तरी 150 गुणिले 0.012 म्हणजे 1.8 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. घरगुती मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोधच याच्या कितीतरी पट असतो आणि वीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी बहुतेक मीटर बीप देतात. म्हणजे जो दोष शोधायचा होता, तो त्या मापनाला दिसणेच शक्य नव्हते. तो दिसतो प्रवाह वाहत असताना, आणि म्हणून तपासणी सेल्फ फिरत असतानाच करावी लागते.

इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधनपंपाचा फ्यूज काढला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढला आणि मुलीला किल्लीपाशी बसवले. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर (वरच्या क्लँपवर नव्हे, प्रत्यक्ष खुंटावर) आणि दुसरे ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवून तिला किल्ली फिरवायला सांगितले. मीटरने 1.8 दाखवले. या बाजूला साधारण 0.2 व्होल्टपेक्षा अधिक घट असू नये. दुसरे टोक ब्लॉकवरून काढून बॉडीच्या धातूवर ठेवले, तेव्हा घट जेमतेम 0.1 होती. बॅटरीपासून बॉडीपर्यंतची वाट मोकळी होती. अडचण बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये होती.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. त्यामुळे इंजिन बॉडीला विजेने जोडण्यासाठी तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी दिलेली असते. माझ्या गाडीत ती गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला, चिखल थेट उडेल अशा जागी आहे. ती जागा कोणी निवडली असेल, याचे मला आजही आश्चर्य वाटते. टॉर्च लावून पाहिले, तर पट्टीच्या टोकाचे थिंबल (बोल्टखाली बसणारे धातूचे कडे) हिरवट-पांढऱ्या भुकटीने माखले होते आणि विणीतल्या निम्म्याहून अधिक तारा तुटून केसांसारख्या बाहेर आल्या होत्या.

काम सुरू करताना आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले. धन टोकाला आधी हात घातला आणि पान्हा चुकून बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होते. पट्टीचा बोल्ट गंजून जाम झाला होता. त्यावर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवले आणि सकाळी सोडवण्याआधी तो किंचित घट्ट करण्याच्या दिशेने दाबला. एक कोरडा ‘कट्’ ऐकू आला आणि मग तो मुकाट्याने फिरू लागला. बोल्ट तुटला असता, तर हा मजकूर बराच लांबला असता. दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज वायर ब्रशने खरवडून धातू चकचकीत केला आणि जुन्याहून किंचित जाड पट्टी बसवली. इंजिन धक्क्याने हलते, म्हणून तिला थोडी ढील ठेवली. पेट्रोलियम जेली नट आवळून झाल्यावर वरून लावली, जेणेकरून ओल आत शिरू नये.

पुन्हा तीच चाचणी केली, तेव्हा मीटरवर 0.08 व्होल्ट दिसले आणि सेल्फ इतक्या वेगाने फिरला की मुलीने दचकून किल्ली सोडली. नव्या बॅटरीने चार दिवस तग का धरला, तेही उघड झाले: थोड्या अधिक जोरावर ती तोच अडथळा कसाबसा पार करत होती.

आणखी एका कोड्याचा उलगडा झाला. गेले वर्षभर अ‍ॅक्सिलरेटर जड झाला होता आणि मी तो वेगळा बिघाड समजून केबलला तेल पाजत होतो. पट्टी निकामी झाल्यावर सेल्फचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधत होता, आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी धातूची दुसरी वस्तू म्हणजे ही केबल. तिचे प्लास्टिकचे आवरण एका ठिकाणी वितळून आतल्या तारेला चिकटले आहे. नवी केबल आणून ठेवली आहे. ती येत्या रविवारी बसवायची आहे.