मूळ गाव

दुपारी फोन ठेवता ठेवता नचिकेत म्हणाला, “आबा, फॉर्ममध्ये मूळ गाव ठाणेच लिहिलं. गुहागर लिहिलं की पुढे तालुका-जिल्हा भरत बसावं लागतं.” मी “बरं” म्हटले आणि आंब्याच्या पेट्या कधी पाठवू ते विचारले. तेव्हापासून ते बोलणे बांगड्याच्या काट्यासारखे घशात अडकून बसले आहे.

रात्री वीज गेली म्हणून खळ्यात आलो. उत्तरा फाल्गुनी माथ्यावर होती आणि तिच्या पूर्वेला, नुसत्या डोळ्यांना जिथे काळोखाशिवाय काही दिसत नाही तिथे, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर कन्या राशीतला दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या मेळाव्यांचा, समूह आहे. त्यातली आयसी ३४१८ ही बटु दीर्घिका काही केल्या डोक्यातून जाईना. गॅलेक्स दुर्बिणीने अतिनील प्रकाशात टिपलेल्या तिच्या चित्रात एक फिकट, बेढब डाग दिसतो आणि त्याच्यामागे निळ्या ठिपक्यांची तुटक शेपटी, सुमारे ५५ हजार प्रकाशवर्षे लांब. समूहात तापलेला विरळ वायू भरलेला आहे. त्यातून ही दीर्घिका सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने धावते आणि समोरच्या त्या वाऱ्याने तिचा स्वतःचा वायू, सुपातल्या कोंड्यासारखा उडून, मागे पडतो. तारे घडायचे ते वायूतूनच. त्यामुळे तिच्या अंगावर नवे तारे जन्मणे कोट्यवधी वर्षांपूर्वीच थांबले आणि मागे सुटलेल्या वायूत मात्र ते जन्मत राहिले.

मग ते तारे कोणाचे म्हणायचे? दीर्घिका लहान, तिचे गुरुत्वही बेताचे. धरून ठेवायचे म्हटले तरी तिला जमले नसते, असे स्वतःला समजावले आणि या घरात शेवटचा पाळणा केव्हा हलला ते मोजत बसलो. सुधाच्या वेळचा तो. असो.

तरी ते तारे कोणाचे, हे सुटेना. खगोलशास्त्रज्ञ त्या पसाऱ्याला आयसी ३४१८ची शेपटी असेच म्हणतात, हे आठवल्यावर जरा बरे वाटले; ताऱ्यांना रकाने भरावे लागत नाहीत, म्हणून निभावत असावे. शिवाय आमचे खापरपणजोबा राजापूर सोडून इथे आले, तेव्हा त्यांच्या आबांना काय वाटले असेल, याची कुठे नोंद नाही. मीही आजवर प्रत्येक रकान्यात बिनदिक्कत गुहागरच लिहीत आलो.

वीज आल्यावर पेटीवर पत्ता घालायला बसलो. पाठवणाऱ्याच्या जागी गाव, तालुका, जिल्हा, सगळे ठळक अक्षरांत लिहिले, इतके की ठाण्याच्या पत्त्याला जागा अपुरी पडली आणि तो पेटीच्या बाजूच्या फळीवर घालावा लागला.