गुरुजी आणि क्वार्टरबॅक

क्लीव्हलँडला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मला दोन कामे शिकून घ्यावी लागली. एक म्हणजे पहाटे उठून गाडीपुढचा बर्फ फावड्याने बाजूला सारणे, आणि दुसरे म्हणजे सोमवारी सकाळी ऑफिसात क्वार्टरबॅकविषयी स्वतःचे ठाम मत घेऊन जाणे. पहिले काम दोन आठवड्यांत जमले. दुसरे अजून जमलेले नाही, कारण एका क्वार्टरबॅकविषयी मत बनते न बनते तोच ब्राउन्सनी, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाने, दुसरा आणलेला असतो, आणि त्याला समजून घ्यावे तर दरम्यान प्रशिक्षकच बदललेला असतो.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक हा लग्नघरातल्या मुलीच्या बापासारखा असतो. सगळे त्याच्याकडे बघत असतात, सगळ्यांचे त्याच्याशी काम असते आणि काहीही बिनसले तरी बोल त्यालाच लागतो. चेंडू हातात आल्यावर तो कोणाकडे फेकायचा हे ठरवायला त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात समोरून सव्वाशे-दीडशे किलोंची माणसे त्याला जमिनीवर आडवे करण्याच्या एकमेव हेतूने धावत येत असतात. त्याच्या हेल्मेटमध्ये एक छोटा रेडिओ असतो. त्यातून प्रशिक्षकांकडून पुढच्या डावाचे नाव त्याच्या कानात सांगितले जाते, पण डाव सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद पडतो. थोडक्यात, गुरुमंत्र मिळतो, पण खरा प्रसंग उभा राहतो तेव्हा गुरू गप्प असतो.

माझे वडील सांगलीजवळच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. ते 2017 च्या शरद ऋतूत आमच्याकडे सहा महिने राहायला आले आणि दर रविवारी दुपारी एक वाजता माझ्याबरोबर टीव्हीसमोर बसू लागले. नियम त्यांनी मनावर घेतले नाहीत, माणसे मात्र घेतली. प्रशिक्षकाला ते पहिल्या दिवसापासून ‘गुरुजी’ म्हणू लागले आणि क्वार्टरबॅकला ‘मुलगा’. त्या वर्षी गुरुजी होते ह्यू जॅक्सन आणि मुलगा होता एकवीस वर्षांचा डिशोन कायझर. त्या बिचाऱ्याला मध्येच बाकावर बसवले, पुन्हा उभे केले, आणि हंगामाच्या शेवटी त्याचे बावीस चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात पडलेले होते. संघ सोळाच्या सोळा सामने हरला.

यात एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. आदल्या वर्षी, म्हणजे 2016 मध्ये, संघाने सोळांपैकी एकच सामना जिंकला होता, तेव्हा जॅक्सन यांनी जाहीरपणे सांगितले होते की पुन्हा एक-पंधरा असा निकाल लागणार नाही, आणि लागलाच तर मी इथल्या तळ्यात पोहताना दिसेन. आता शब्दशः पाहिले तर त्यांनी वचन पाळले होते, कारण पुढच्या वर्षी एक-पंधरा नव्हे तर शून्य-सोळा झाले. तरीही गृहस्थ सरळमार्गी. 2018 च्या जूनमध्ये त्यांनी इरी सरोवराच्या गार पाण्यात खरोखर उडी मारली. बाबा तोवर सांगलीला परतले होते. त्यांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तीर्थस्नान झालं, पण पाप फिटलं का ते ऑक्टोबरात कळेल.” ऑक्टोबरच्या अखेरीस जॅक्सन यांना काढून टाकले. अडीच हंगामांत त्यांच्या खात्यावर तीन विजय, छत्तीस पराभव आणि एक बरोबरी होती.

शून्य-सोळाची मिरवणूक मात्र बाबांनी डोळ्यांनी पाहिली. 2018 च्या जानेवारीत, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, हजारो माणसे स्टेडियमभोवती शून्याच्या आकारात चालत गेली. कोणी थडग्याच्या पाट्या केल्या होत्या, कोणी डोक्यावर कागदी पिशव्या घातल्या होत्या, आणि त्याच निमित्ताने गरिबांच्या अन्नपेढीसाठी मदतही गोळा झाली. बाबा कानटोपी सावरत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “आमच्या शाळेचा निकाल शून्य टक्के लागला असता तर पालकांनी दगड मारले असते. इथे वाजतगाजत मिरवणूक काढतात.”

मुद्दा असा की क्लीव्हलँडला या बाबतीत इतिहास आहे. 1995 च्या हंगामानंतर मालकाने संघ बाल्टिमोरला नेला. नाव, रंग आणि जुने विक्रम तेवढे शहराकडे राहिले, आणि 1999 मध्ये त्या नावाने नवा संघ उभा राहिला. तेव्हापासून आजवर चाळिसाच्या पलीकडे क्वार्टरबॅकांनी या संघाकडून सामन्याची सुरुवात केली आहे. ग्रीन बे नावाच्या एका लहानशा गावाने 1992 ते 2022 अशी एकतीस वर्षे मुख्यतः दोघांवर काढली, पहिली सोळा एकावर आणि पुढची पंधरा दुसऱ्यावर, हे आठवले की आमच्या शेजारचे निवृत्त पोस्टमन आजोबा मान हलवतात. याच आजोबांच्या तोंडून मी प्रथम बावीस आकड्याची कथा ऐकली. दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याचा जो ड्राफ्ट होतो, त्यात ब्राउन्सनी 2007 मध्ये ब्रेडी क्विन, 2012 मध्ये ब्रँडन वीडन आणि 2014 मध्ये जॉनी मँझिएल, असे तीन क्वार्टरबॅक बरोबर बाविसाव्या क्रमांकावर घेतले आणि तिन्ही वेळा पदरी निराशा आली. वीडनच्या पहिल्याच सामन्याआधी मैदानभर पसरलेला प्रचंड राष्ट्रध्वज त्याच्या अंगावरून पुढे सरकला आणि तो त्याखाली अडकला. आजोबांना शकुन-अपशकुन मान्य नाहीत, पण हा प्रसंग ते हळू आवाजातच सांगतात.

चूक गुरुजींची की मुलाची, हा इथला सनातन वाद आहे. मला विचाराल तर दोष दोघांचाही नाही, दोष जुळवणीचा आहे. ड्राफ्टमध्ये सगळ्यात वाईट संघाला पहिली निवड मिळते. म्हणजे गुणवत्ता यादीत पहिला आलेला मुलगा नियमानुसार जिल्ह्यातल्या सर्वांत गळक्या छपराच्या शाळेत पाठवला जातो, आणि तिथले जुने गुरुजी नुकतेच निलंबित झालेले असतात. 1999 मध्ये टिम काउच असाच पहिल्या क्रमांकाने आला. नव्या संघात त्याला वाचवणारी भिंतच उभी नव्हती, आणि त्या एका हंगामात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला छप्पन वेळा चेंडूसकट लोळवले.

त्यातून मुलगा तगलाच, तर गुरुजी बदलतात. नवे गुरुजी आपली भाषा घेऊन येतात. एकाच डावाला एका गुरुजींकडे आकड्यांचे नाव असते तर दुसऱ्यांकडे दहा-बारा शब्दांची ओळ असते, आणि ती चाळीस सेकंदांच्या घड्याळात ऐकून दहा जणांना बिनचूक सांगायची असते. 2018 मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेल्या बेकर मेफिल्डने पहिल्या तीन हंगामांत चार मुख्य प्रशिक्षक पाहिले. जॅक्सन गेल्यावर ग्रेग विल्यम्स हंगामी आले, मग फ्रेडी किचन्स एक वर्ष टिकले, मग केव्हिन स्टेफान्स्की आले. पहिलीपासून चौथीपर्यंत दरवर्षी शाळेचे माध्यम बदलले तर मूल कसे शिकेल?

तरीही याच मेफिल्डने 2021 च्या जानेवारीत पिट्सबर्गला 48-37 असे हरवले. बाद फेरीतला असा विजय क्लीव्हलँडने सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. त्या दिवशी स्टेफान्स्की यांना कोविड झाला होता आणि ते घराच्या तळघरात बसून टीव्हीवर सामना बघत होते. बाबांचा शेरा तयारच होता, “गुरुजी रजेवर गेले आणि वर्ग पहिला आला. माझ्याही नोकरीत असं दोनदा झालंय.”

माझ्या जुळवणीच्या सिद्धांताला सुरुंग लावला तोही मेफिल्डनेच. क्लीव्हलँडने त्याला दूर केले, दुसऱ्या संघाने मोकळे केले, आणि 2022 च्या डिसेंबरात एका मंगळवारी लॉस एंजेलिसने त्याला उचलले. गुरुवारी रात्री तो मैदानात उतरला. दोन दिवसांत काय भाषा शिकणार? पण शेवटच्या दोन मिनिटांत त्याने चेंडू अठ्ठ्याण्णव यार्ड पुढे नेऊन सामना 17-16 असा जिंकून दिला. मी तो सामना बघत असताना शेजारच्या घरातून आजोबांचे ओरडणे ऐकू येत होते. त्यात आनंद किती आणि संताप किती हे भिंतीपलीकडून ओळखता आले नाही. पुढच्या वर्षी ब्राउन्सनी घरी बसलेल्या अडतीस वर्षांच्या जो फ्लॅकोला बोलावले आणि त्याने लागोपाठ चार सामने जिंकले. त्या एका हंगामातला तो आमचा चौथा मुलगा होता.

आजोबांचा जुना राग मात्र 1993 चा आहे. बर्नी कोसार हा आमच्या ओहायो राज्याचाच मुलगा, इथे यायचे म्हणून हट्टाने आलेला. त्याला हंगामाच्या मध्यावर काढून टाकताना तेव्हाच्या प्रशिक्षकांनी कारण दिले ते कौशल्य ओसरल्याचे. कोसार डॅलसला गेला आणि त्याच हंगामात विजेत्या संघाला मिळणारी अंगठी घेऊन बसला. प्रशिक्षकांनाही 1996 मध्ये नारळ मिळाला. त्यांचे नाव बिल बेलिचिक. त्यांनी पुढे न्यू इंग्लंडला सहा वेळा विजेतेपद मिळवून दिले, तेही टॉम ब्रेडीच्या साथीने. ज्या 2000 च्या ड्राफ्टमध्ये ब्रेडी 199 व्या क्रमांकापर्यंत पडून होता, त्यातच क्लीव्हलँडने 183 व्या क्रमांकावर स्पर्गन विन नावाचा दुसराच क्वार्टरबॅक निवडला होता. सोन्यासारखे स्थळ नाकारून भलतीकडे सोयरीक जोडल्याची गोष्ट आपल्याकडे ज्या सुरात सांगतात, अगदी त्याच सुरात आजोबा हे सांगतात.

नियमित हंगाम संपला की दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांची गच्छंती सुरू होते. इथे त्याला काळा सोमवार म्हणतात. सांगलीत तेव्हा रात्र झालेली असते, पण बाबा जागे राहून फोन करतात. प्रकृती, हवापाणी, नातवंडांचा अभ्यास हे सगळे आटोपले की घसा खाकरतात.

“गुरुजी ठरले का रे?”

“अजून नाही, बाबा.”

“आणि मुलगा?”

“बघणं चालू आहे.”

“पत्रिका बघा म्हणावं आधी,” असे म्हणून ते फोन आईकडे देतात.