चुकण्याची सोय

गुरुवार, रात्री उशिरा

लिस्बनचा भूकंप डोक्यातून जात नाहीये. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ. चर्चमध्ये गर्दी, जागोजाग मेणबत्त्या पेटलेल्या. आधी जमीन हलली, मग समुद्र आत शिरला, आणि त्यातच लागलेल्या आगी कित्येक दिवस विझल्या नाहीत. माणसं हजारोंनी गेली.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त खेचतंय. पोर्तुगालचा कारभार तेव्हा ज्या मंत्र्याच्या हातात होता (पुढे तो पोंबालचा मार्किस झाला) त्याने देशभरातल्या पॅरिशांना, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या विभागांना, एक प्रश्नावली धाडली. धक्का किती वाजता बसला? किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की ओसरला? जमिनीला भेगा पडल्या का? माणसं किती दगावली? उत्तरं लिहिली ती गावोगावच्या पाद्र्यांनी. एवढ्या मोठ्या भूकंपाची पद्धतशीर माहिती पहिल्यांदा गोळा झाली ती अशी, धर्मोपदेशकांच्या हस्ताक्षरात. हे वाचून मला हसूच आलं.

त्याच सुमारास गाब्रिएल मलाग्रिदा नावाच्या जेझुइट (कॅथलिकांचा एक संघ) पाद्र्याने पत्रक काढलं. भूकंपाला नैसर्गिक कारण वगैरे काही नाही, हे आपल्या पापांचं फळ आहे, प्रायश्चित्त करा, असा त्याचा सूर. आणि तिकडे दूर प्रशियात ३१ वर्षांचा तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट १७५६ मध्ये एकामागोमाग तीन लेख लिहून सांगत होता की जमिनीखाली मोठमोठ्या पोकळ्या आहेत, त्यांत वायू तापतात, पेट घेतात आणि वरची जमीन हादरते.

आता 'विज्ञानाचे प्रश्न वेगळे, धर्माचे वेगळे' हे वाक्य आपण सगळेच सवयीने टाकतो. मीही टाकलंय, वाद मिटवायला फार बरं पडतं. पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९९७ च्या एका लेखात हीच मांडणी नीट करून दिली: जग कशाचं बनलंय आणि कसं चालतं ते विज्ञानाकडे, जगण्याचा अर्थ आणि नीती धर्माकडे, दोघांच्या हद्दी एकमेकींवर चढत नाहीत. गूल्ड सज्जन माणूस, हेतूही चांगला. पण मलाग्रिदा आणि कांट एकाच प्रश्नाला उत्तर देत होते, हे कसं नाकारायचं? शहर कशामुळे पडलं, एवढाच तो प्रश्न. एकाने वायू म्हटलं, दुसऱ्याने पाप.

गंमत अशी की कांट साफ चुकला होता. जमिनीखाली तसल्या पोकळ्याही नाहीत आणि पेटणारे वायूही नाहीत. भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या प्रचंड तुकड्यांची, कल्पना शास्त्रज्ञांमध्ये सर्वमान्य व्हायला १९६० चं दशक उजाडलं. लिस्बन हादरलं ते आफ्रिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांच्या सीमेवरच्या हालचालीमुळे. नेमका कुठला भ्रंश (खडकातली भेग) सरकला यावर अजूनही वाद चालू आहे. म्हणजे त्या दिवशी दोघांचीही उत्तरं चुकीचीच होती. फक्त कांटचं उत्तर पुढे मेलं. त्याला मारता येत होतं, जमिनीखाली काय आहे ते पाहिलं की झालं.

मलाग्रिदाचं उत्तर मेलं नाही. (तो स्वतः १७६१ मध्ये मारला गेला, पण त्यामागे पोंबालशी असलेलं वैर होतं. शुद्ध राजकारण. त्यात विज्ञानाचा विजय वगैरे शोधायला जाऊ नये.) पावणेदोनशे वर्षांनी ते उत्तर कुणाच्या तोंडून आलं, तर गांधींच्या. १५ जानेवारी १९३४ ला बिहार-नेपाळमध्ये भूकंप झाला, दहा हजारांवर माणसं गेली. गांधी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं ते जाहीरपणे म्हणाले.

खरं सांगायचं तर इथे माझी पंचाईत होते. पाप खरंच होतं आणि सांगणारा माणूसही खरा. मलाग्रिदाला मोडीत काढणं सोपं, गांधींना कसं काढणार? ते काम केलं रवींद्रनाथांनी. भौतिक संकटांची कारणं भौतिकच असतात, असं त्यांनी लिहिलं. त्यांचा पुढचा मुद्दा मला सगळ्यात धारदार वाटतो: हा युक्तिवाद गांधींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच जास्त शोभतो. उद्या सनातन्यांनी उठून म्हटलं की भूकंप झाला तो गांधींच्या चळवळीमुळे, तर काय उत्तर द्याल? एकच भूकंप, दोन उलटी पापं, आणि कुठलं खरं हे ठरवायला काही साधनच नाही. आणि रवींद्रनाथ काही नास्तिक नव्हते.

गांधींनी उत्तर दिलं, ते प्रामाणिक होतं. आपल्याला हे सिद्ध करता येणार नाही, हे त्यांनी मान्य केलं. आपली श्रद्धा चुकीची ठरली तरी तिने आपलं आणि तसं मानणाऱ्यांचं भलंच केलेलं असेल, असंही म्हणाले. यावर मी बराच वेळ अडलो. चूक ठरलं तरी चालेल असं जे उत्तर, ते भूकंपाबद्दलचं उत्तर राहतच नाही. ते माणसाने कसं वागावं याबद्दलचं बोलणं होतं. मग ते तसंच बोलावं ना, त्यासाठी मेलेली माणसं साक्षीला कशाला उभी करायची?

याच्या उलट ज्यॉर्ज लमेत्र मला फार आवडतो. बेल्जियमचा कॅथलिक पाद्री आणि पक्का भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ मध्ये मांडलं, आणि १९३१ मध्ये सगळ्याची सुरुवात एका 'आदिअणू'पासून झाल्याची कल्पना. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात सुचवलं की आधुनिक विज्ञान आता निर्मितीच्या क्षणाची साक्ष देऊ लागलंय. पाद्र्याला याहून मोठी शाबासकी कुठली? पण लमेत्र नाराज झाला. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाच्या पूर्णपणे बाहेर आहे, असं त्याचं म्हणणं होतं. सिद्धांत उद्या चुकला तर देवाला त्यात कशाला ओढायचं, असंही त्याच्या मनात असेल का? हा माझा अंदाज, त्याने असं म्हटल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. आपण आज १३८० कोटी वर्षांचं विश्व म्हणतो, त्या गोष्टीची सुरुवात या माणसापाशी आहे.

हे सगळं आत्ता का उगाळतोय ते मला माहीत आहे. दादा.

परवा डॉक्टरांनी वहिनीला दादाची गाठ कशी झाली ते समजावून सांगितलं. जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेनाने गोल काढले, एका गोलाचे दोन, दोनाचे चार, आणि एका गोलावर फुली. पेशी विभागताना नक्कल करण्यात कधीकधी चूक राहते, ती कुणाच्या बाबतीत आणि कधी राहील ते बऱ्याचदा निव्वळ योगायोगावर असतं. चांगलं समजावलं त्यांनी, घाई न करता. वहिनीने ते पाकीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं. संध्याकाळी एक नातेवाईक भेटायला आले आणि हळूच म्हणाले, मागच्या जन्मीचं काहीतरी असतं, भोगून संपवावं लागतं. मलाग्रिदा थेट वॉर्डात! वहिनी एवढंच म्हणाली, "मग त्या जन्मीचा हिशेब दाखवा की." डॉक्टरांच्या योगायोगावर ती चिडली नव्हती, यावर चिडली.

आणि तरी ती रोज रात्री प्रार्थना करते. काल मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही एवढं वाचता, प्रार्थनेचा उपयोग होतो का हो?"

मला २००६ चा तो अभ्यास आठवत होता. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, बायपास झालेले १८०२ रुग्ण. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि या दोन्ही गटांना आपण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं. गुंतागुंत ५२ टक्के आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला मात्र सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होतेय. त्यांच्यात ५९ टक्के. कदाचित घाबरले असतील, माझी तब्येत इतकी वाईट आहे का म्हणून. या अभ्यासाला पैसा पुरवणारी टेम्पलटन संस्था धर्म आणि विज्ञान यांचा मेळ घालू पाहणारी, आणि तरीही निकाल जसा आला तसा छापला गेला. याबद्दल मला त्या सगळ्यांचा आदर वाटतो.

वहिनीला यातलं काही सांगितलं नाही. "मला नाही वाटत आजारावर होतो," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "मलाही नाही वाटत फारसं."

प्रार्थना फक्त मनःशांतीसाठी असते, तिचा जगातल्या घडामोडींशी संबंध नाही, असं सुशिक्षित लोक म्हणतात तेव्हा मला ते थोडं खोटं वाटतं. वहिनी शांती मागत नाहीये, दादा बरा व्हायला मागतेय. गूल्डच्या हद्दी तिला मान्य नाहीत आणि मला वाटतं बहुतेक श्रद्धाळूंना त्या कधीच मान्य नव्हत्या. पुढच्या आठवड्यातल्या स्कॅनमध्ये गाठ लहान दिसावी, हीच तिची मागणी आहे, आणि तोच आकडा मीही बघणार आहे. वाढलेला दिसला तर डॉक्टर औषध बदलतील. वहिनी प्रार्थना बदलणार नाही, थांबवणारही नाही, आणि तिला त्याचा जाब विचारावा असं मला जराही वाटत नाही. त्या नातेवाइकांना मात्र विचारावासा वाटतो.