आतल्या ग्रुपमध्ये काय चालतं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा विषय मी टाळतेच. ऑनलाइन फोरमवर लोकांच्या पोस्ट आणि तक्रारींवर लक्ष ठेवणारे ते मॉडरेटर, आणि त्यांच्याबद्दलचा हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. मेंबर विचारतात, "तुम्ही मॉडरेटर लोक तुमच्या त्या आतल्या ग्रुपमध्ये आमच्याबद्दल काय बोलता हो, आणि ते आम्हाला का सांगत नाही?" आणि नवीन मॉडरेटर झालेला माणूस पहिल्या आठवड्यातच हळूच विचारतो, "ज्या बाकीच्या मॉडरेटरांना आपण कधी भेटलो नाही, ज्यांना कोणी पगार देत नाही, त्यांच्यावर भरवसा ठेवायचा कसा?" माझ्या मते दोघांना द्यायचं उत्तर एकच आहे, पण ते एका ओळीत मावत नाही म्हणून हा एवढा पसारा.

घरातल्या दीर्घ आजारी माणसाची देखभाल करणाऱ्यांचा एक ऑनलाइन फोरम आहे, तिथे मी नऊ वर्षं मॉडरेटर आहे. फुकट, हे वेगळं सांगायला नको. रात्री दोन वाजता लोक तिथे येऊन जे लिहितात ते त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसतं, कंटाळा आलाय, राग येतो, कधीकधी वाटतं की हे लवकर संपावं, असलं. बहुतेक जण टोपणनावाने येतात. पण टोपणनावामागचा ईमेल, आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेट जोडणीचा नंबर), डिलीट केलेली पोस्ट, कोणी कोणाविरुद्ध रिपोर्ट केला, हे सगळं आम्हाला पलीकडून दिसतं. म्हणजे समोरच्याने दार लावून घेतलंय आणि आम्ही खिडकीपाशी उभे, अशी अवस्था. हे काही पहिल्या दिवशी लक्षात येत नाही, पहिल्या दिवशी फक्त नावाशेजारी मॉडरेटर लिहून आल्याचा आनंद असतो.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे मी कुठल्या तोंडाने बोलतेय ते कळेल.

आमच्याकडे एक गृहस्थ होते, एरवी अतिशय शांत. एक दिवस एका बाईंच्या पोस्टखाली फार तिरकस बोलले. आम्ही कमेंट काढली, त्यांना विचारलं, तर त्यांनी आम्हा मॉडरेटरांना खाजगीत कळवलं की आईचे रिपोर्ट आलेत, चांगले नाहीत, घरात अजून कुणालाच सांगितलेलं नाही, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, माफ करा. विषय संपला. पण त्या बाईंचा मला मेसेज आला की एवढं बोलूनही हे इथे कसे, बॅन का नाही केलं? आता इथे मी "कारवाई झाली आहे, तपशील सांगता येणार नाही" असं लिहायला हवं होतं. पण ते कसं कोरडं वाटतं, सरकारी पत्रासारखं. म्हणून मी लिहिलं, "जाऊ द्या हो, त्यांच्याकडे या आठवड्यात जरा वाईट बातमी आलीये." झालं. एवढंच. रिपोर्टचं मी बोलले नाही, आईचं बोलले नाही. त्या बाईंचं मन खरंच मोठं, त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांच्या जुन्या चर्चेच्या धाग्यावर जाऊन सगळ्यांसमोर लिहिलं की कालचं मी विसरले, तुमच्यावर काय प्रसंग आलाय ते कळलं, धीर धरा. आणि त्या गृहस्थांचा धाकटा भाऊसुद्धा आमचा फोरम वाचत होता, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

त्या गृहस्थांनी मला एकच ओळ पाठवली, "कोणी सांगितलं?" मी कबूल केलं. ते भांडले नाहीत, काही नाही, पण नंतर परत कधी आले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

षट्कर्णी होणे हा शब्द आपण सहज वापरतो, पण मोजून बघा ना, सहा कान म्हणजे फक्त तीन माणसं. त्यांचे दोन, आम्हा मॉडरेटरांना एक धरलं तर आमचे दोन, त्या बाईंचे दोन. तिसऱ्या माणसापाशी गोष्ट फुटली, आणि तिघांपैकी एकाच्याही मनात काही वाईट नव्हतं. नऊ वर्षांत मी ज्या गोष्टी बाहेर गेलेल्या पाहिल्या त्यातल्या बहुतेक अशाच गेल्या, कोणाचं तरी मन राखायला, कोणाला तरी गप्प करायला, किंवा "मला आतलं माहीत आहे" एवढं हळूच दाखवायला. शेवटचं कारण कोणी कबूल करत नाही पण ते असतं.

लोक यावर एक तोडगा सुचवतात की नाव न घेता सांगा. चॅटहॅम हाऊसचा नियम तोच आहे, लंडनमधल्या परराष्ट्र धोरणावर काम करणाऱ्या त्या नावाच्या संस्थेत १९२७ मध्ये केलेला, की बैठकीत काय बोललं गेलं ते बाहेर वापरा पण कोण बोललं ते सांगू नका. परराष्ट्र धोरणाच्या मोठ्या बैठकीला तो ठीक आहे. आमच्यासारख्या ठिकाणी जिथे रोज लिहिणारी माणसं शंभरसुद्धा नाहीत, तिथे "काय" सांगितलं की "कोण" आपोआप कळतं. 'एका मेंबरच्या नवऱ्याला तिसऱ्यांदा ॲडमिट केलं' म्हटलं की संपलं, नाव घ्यायची गरजच उरत नाही.

म्हणून मी नवीन माणसाला भरवशाबद्दल प्रवचन देत नाही. त्याला आधी सांगते की कमी बघ. आयपी पत्ता दिसतो म्हणून उघडायचा नाही, काम असेल तरच उघडायचा आणि का उघडला ते लिहून ठेवायचं. विकिपीडियावर हे फार व्यवस्थित आहे, तिथे चेकयुजर नावाचे मोजके स्वयंसेवक असतात ज्यांना खात्यांमागचे आयपी पत्ते तपासता येतात, त्यांना आधी गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते, कोणी कधी कुठलं खातं तपासलं याची नोंद लॉगमध्ये पडते, आणि आयपीची ती माहिती साधारण ९० दिवसांनी सिस्टिममधून जाते. स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटवर मॉडरेटर मतदानाने निवडतात, तरी त्यांनाही खाजगी माहितीबद्दलच्या करारावर सही करावीच लागते. आमच्याकडे असला करार वगैरे नाही, आम्ही एक वही केलीये, म्हणजे ऑनलाइन शीट, तारीख, कोणी उघडलं, कशासाठी. सुरुवातीला मला ते जरा अपमानास्पद वाटलेलं, आपल्याच माणसांवर पाळत काय ठेवायची. आता उलटं वाटतं. उद्या कोणी माझ्याकडे बोट दाखवलं तर ती वहीच माझ्या बाजूने बोलेल.

आणि करार असूनही फुटतंच. २०११ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीचे, म्हणजे संपादकांमधले वाद सोडवणाऱ्या समितीचे, खाजगी मेल बाहेर आले होते, म्हणजे जिथे सगळ्यात खात्रीची माणसं निवडून बसवलेली तिथले. हे मी कोणाला घाबरवायला सांगत नाही. आतल्या ग्रुपमध्ये लिहिताना 'हे उद्या बाहेर गेलं तर' हा विचार बाजूला बसलेला असावा, इतकंच.

आमच्याकडे ते झालंच.

तीन वर्षांपूर्वी आमच्या आतल्या ग्रुपचा एक स्क्रीनशॉट एका मेंबरच्या हातात पडला आणि तिने तो सरळ फोरमवर लावला. त्यात आमच्यापैकी एकाने तिला "आपली रोजची डोकेदुखी" म्हटलं होतं आणि खाली मी हसरा चेहरा टाकला होता. पहिले दोन तास आम्ही काय केलं असेल? तिची माफी? छे. आम्ही स्क्रीनशॉट मोठा करून बघत बसलो, कोणी फोडला ते शोधायला. वरच्या कोपऱ्यात बॅटरी १७ टक्के, वेळ ११:४२, कोणाच्या फोनवर घड्याळ डावीकडे दिसतं, कोणाच्या फोनला तो असला निळा वॉलपेपर आहे. चॅटमध्ये आपले मेसेज उजवीकडे येतात, तर उजवीकडे एकही मेसेज नाही म्हणजे त्या वेळात जो काहीच बोलला नव्हता तोच. सहा जणांतले तीन उरले. मग एकाने आयडिया काढली की पुढचा मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवू, एखादा शब्द, एखादा स्वल्पविराम बदलून, मग जो बाहेर येईल त्यावरून माणूस सापडेल. हेरगिरीत ही युक्ती जुनी आहे आणि ती चालतेही. पण आमच्यातली सगळ्यात जुनी मॉडरेटर, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, ती म्हणाली, "करा खुशाल. पण मग मी उद्यापासून तुमच्या प्रत्येक मेसेजातले स्वल्पविराम मोजत बसेन, आणि तुम्ही माझे."

आम्ही ते केलं नाही. ज्याने केलं होतं त्याने चार दिवसांनी आपणहून सांगितलं आणि मॉडरेटरपण सोडलं. त्याचं म्हणणं होतं की तिची टिंगल चाललेली मला बघवत नव्हती. त्याने केलं ते चूकच, एकतर आम्हाला आत तोंडावर बोलायचं, नाहीतर राजीनामा देऊन निघायचं, मधली वाट म्हणून कोणाच्या हातात स्क्रीनशॉट द्यायचा नाही, कारण त्याच चित्रात वरच्या बाजूला दुसऱ्या एका मेंबरच्या औषधाबद्दल चार शब्द होते, ते पण गेले ना बाहेर. आणि शिवाय स्क्रीनशॉट कापलेला होता, वरचं तिच्याबद्दलचं चांगलं बोलणं गायब, म्हणजे थोडा ध चा मा झालाच. पण डोकेदुखी हा शब्द काही त्याने लिहिला नव्हता. तो आमचाच.

तर मेंबर लोकांनो, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. आम्ही दोन प्रकारच्या गोष्टी झाकतो. एक तुमच्या, तुम्ही विश्वासाने सांगितलेल्या, त्या आमच्या नाहीतच, त्या उघड करायचा हक्क फक्त तुम्हाला. आणि दुसऱ्या आमच्या, आमचे रुसवेफुगवे, आमची टवाळी, आमचे चुकलेले निर्णय. लाज वाटते म्हणून आम्ही या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींवरसुद्धा गोपनीय अशी पट्टी लावतो, आणि मग त्या पट्टीची किंमतच राहत नाही. आता आमचा साधा नियम आहे की ज्या मेंबरबद्दल लिहितोय त्याने मागितलं तर दाखवता येईल अशाच भाषेत लिहायचं. नियम का बदलला, पोस्ट कशाच्या आधारे काढली, हे विचारलंत तर सांगणारच. कोणी रिपोर्ट केला ते मात्र मेलो तरी नाही. आणि मॉडरेटरविरुद्धचीच तक्रार असेल तर ती सगळ्यांच्या सामायिक इनबॉक्समध्ये येत नाही, कारण ज्याच्याविरुद्ध आहे तोच ती पहिली वाचायचा, हे आधी एकदा झालंय, त्यावर वेगळं काही लिहीत नाही.

पण माणसाला मोकळं व्हायला जागा लागते, हे मी मान्य करते. दिवसभर लोकांची दुःखं वाचायची आणि पोटात ठेवायची, ते कुठेतरी बाहेर येणारच, मग जेवताना नवऱ्याला सांगितलं जातं, "कुणाला बोलू नकोस हां" म्हणून. चॅड व्हारा यांनी १९५३ मध्ये लंडनला समॅरिटन्स ही हेल्पलाइन सुरू केली, तिथल्या स्वयंसेवकांची शिफ्ट संपली की ते आपल्यातल्याच एका जबाबदार माणसाशी बोलून मगच उठतात. मन हलकं व्हायचं, पण गोष्ट आतच राहायची. आम्ही हे उचललंय, ताई आणि मी आठवड्यातून एकदा फोनवर बोलतो, मेसेजवर नाही, आणि त्यात रडणं, शिव्या, सगळं चालतं.

बाकी तांत्रिक गोष्टींचा लोकांना उगाच फार आधार वाटतो. चॅट एन्क्रिप्टेड आहे, असेल, पण एन्क्रिप्शन वाटेतल्या चोरासाठी आहे, ज्याच्या हातात फोन आहे त्याला सगळं दिसतंच. ग्रुपमधून काढलेल्या माणसाच्या फोनवर जुने मेसेज तसेच राहतात. मॉडरेटर गेला की त्याच दिवशी सामायिक मेलचा पासवर्ड बदला, तो कितीही जवळचा असो, आणि त्याला सांगून बदला, म्हणजे उद्या काही फुटलं तर त्याच्यावर आळ येणार नाही. आम्ही एकदा दीड वर्ष बदललाच नव्हता. आळशीपणा, दुसरं काय.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच आता म्हणत नाही, की "तुम्ही सांगा, हे कुठेच जाणार नाही." कोणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाचं काही बोललं तर मी ती गोष्ट पोटात ठेवणार नाही, मदत बोलावणार, आणि हे मी आधीच सांगून ठेवते. काही जण त्यामुळे पुढे सांगतच नाहीत, त्याचा त्रास होतो. तरी खोटं वचन देण्यापेक्षा ते बरं, असं माझं मत, ताईचं थोडं वेगळं आहे आणि आमचं यावर अजून एकमत नाही.

गेल्याच आठवड्यात एका मेंबरने विचारलं, तो अमुक माणूस एकदम गायब का झाला, तुम्ही काढलंत का? मला कारण माहीत होतं, आणि ते सांगितलं असतं तर तिचा आमच्यावरचा राग लगेच गेला असता. मी टाइप केलं, "काळजी करू नका, ते सध्या जरा" आणि तिथेच थांबून सगळं खोडलं. मग लिहिलं, "आम्ही कोणाला काढलेलं नाही. याहून जास्त मला सांगता येणार नाही." बराच वेळ तिकडून टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. शेवटी नुसता अंगठा आला.