तीन आठवड्यांचा देठ

काकूंच्या डाव्या नाकपुडीवर मोत्यासारखा चकाकणारा दाणा होता. दोन वर्षं त्या त्याला पुळीच समजत होत्या. खपली धरायची, पडली की रक्त यायचं. बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा निघाला. हा कॅन्सर सहसा दूर पसरत नाही, पण आहे तिथे पोखरत जातो.

गाठ काढून कडा फ्रोझन सेक्शनला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला, पाठवल्या. एक कड खराब आली, पुन्हा कापावं लागलं. सगळ्या कडा स्वच्छ असल्याचा निरोप आला, तोवर अर्ध्याहून जास्त नाकपुडी गेली होती. अशा वेळी उरलेला तुकडाही काढून अख्खी नाकपुडी नवी केली, की व्रण नाकाच्या घडीत लपतो. चांगली कातडी कापून टाकताना हात मात्र अजूनही जड होतो.

कानातली कूर्चा आधाराला घेतली, नाहीतर श्वास घेताना नाकपुडी आत खचते. टाक्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद कापून उजव्या नाकपुडीचं माप घेतलं, ते उलटवून कपाळावर ठेवलं आणि तेवढी कातडी भुवईजवळच्या धमनीसकट, देठासारखी जोडलेली ठेवून, खाली वळवली. पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक असंच कपाळाच्या कातडीतून घडवल्याचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आला होता.

संध्याकाळी या वळवलेल्या कातडीचं, म्हणजे फ्लॅपचं, टोक निळसर दिसलं. बोटानं दाबलं, तर रंग फार झटकन परतला. रक्त आत येत होतं, बाहेर पडत नव्हतं. दोन टाके सोडले. काळपट रक्त ठिबकलं, मग हळूहळू गुलाबी छटा आली. तासभर मी पलंगाजवळून हललो नाही.

चौथ्या दिवशी काकूंनी आरसा मागितला. कपाळापासून नाकापर्यंत आलेला तो देठ पाहून म्हणाल्या, "ही सोंड अशीच राहणार?" तीन आठवड्यांनी देठ कापायचा, हे मी तोंडी सांगितलं होतं, फोटो दाखवला नव्हता. ती चूक माझी. त्यांची माफी मागितली, आधीच्या रुग्णांचे टप्प्याटप्प्याचे फोटो दाखवले. बराच वेळ त्या एकच फोटो पाहत राहिल्या.

मग मी कापसानं नवी नाकपुडी हलकेच पुसली. त्या दचकल्या.

"डॉक्टर, कपाळाला हात लावलात का?"

"नाही काकू, नाकाला."

कातडीसोबत कपाळाचा स्पर्श मेंदूकडे नेणारी नसही खाली आली होती. काकूंनी स्वतःचं बोट नाकावर टेकवलं, डोळे मिटले आणि पुन्हा एकदा टेकवून पाहिलं.