दांडीची सायकल, तीही धड

कॅरिअरवर पिठाचा डबा बांधून गिरणीत जाता येईल अशी सायकल मला हवी होती. म्हणजे दांडीची, लोखंडी, २८ इंची चाकांची. वडिलांची ॲटलास होती तशी. ती २०२० साली ॲटलासचा कारखाना बंद पडायच्या कितीतरी आधीच भंगारात गेली.

मोबाइलवर जाहिराती पाहिल्या, तर सोलापुरातल्या बहुतेक लहान मुलांच्या नाहीतर हवा गेलेल्या गिअरवाल्या. बाकी सगळं पुण्याचं. शेवटी मंगळवार बाजारात एक काळीभोर, चकचकीत दिसली. पंधराशेला घेतली. घरी येईपर्यंत हँडल डावीकडेच ओढत होतं.

विजापूर वेशीजवळ सायकली दुरुस्त करणाऱ्या चाचांना दाखवली. ते काही बोललेच नाहीत. माझं बोट धरून हँडलखालून पायडलकडे उतरणाऱ्या नळीच्या पोटावरून फिरवलं. रंगाखाली बारीक सुरकुती लागली.

"समोरून ठोकलीय ओ ही. रंग कशाला मारला मग?"

मग सुतळी घेतली. मागच्या चाकाच्या एका नटापासून निघून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या नटापर्यंत ताणली आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. बोटभर फरक, म्हणजे फ्रेमच वाकलेली! त्या सायकलीचे भंगारात तीनशे आले. बाराशेची शिकवणी म्हणायची.

चाचा म्हणाले, धड सायकल बाजारात येतच नाही, ती कुणाच्या तरी बोळात उभी असते. त्यांच्याकडे दर दिवाळीला ओव्हरऑइलिंगला येणारे मिलमधले एक अण्णा होते, अलीकडे यायचे बंद झालेले. घर अशोक चौकाच्या बाजूला. तीन आठवड्यांनी निरोप आला.

बोळात चादरींच्या गठ्ठ्यांखाली हर्क्युलस उभी होती. रंग गेलेला, पण मूळचा. (जुन्या सायकलीवर नवा रंग दिसला की आता मला धडकीच भरते.) नळीखालून बोट फिरवलं, गुळगुळीत. सुतळी लावली, दोन्हीकडे सारखी. पायडल मारलं की टक-टक व्हायचं. ती कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा घट्ट धरणारी खिट्टी सैल झालेली, दहा मिनिटांचं काम. अण्णांच्या घरातल्या अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या.

"भंगारवाला चारशे देतो म्हणतोय. तुम्ही चालवणार ना पण?"

बाराशे दिले. फ्रेमचा नंबर लिहून चिठ्ठीवर त्यांच्या मुलाची सही घेतली. जुनी सायकल घेताना एवढं तरी करावंच. चोरीची निघाली तर हातात काहीतरी हवं.

टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं, छर्रे, कॉटर पिना आणि चाकांची आऊट (वाकडेपणा) काढणं धरून आणखी साडेतेराशे गेले. सळईचे ब्रेक मात्र आहेत तेच ठेवले.

सीटची नळी तेवढी गंजून बसलीय. दोन रात्री रॉकेल सोडलं, चाचांनी पाना लावून पाहिला, हलत नाही. अण्णा माझ्यापेक्षा वीतभर तरी उंच असणार. सध्या मी घराच्या कट्ट्यावरून चढतो, आणि उतरायला गिरणीच्या पायरीपर्यंत थांबतो.