कागद वजा केल्यावर : आमची वाटचाल

आमच्या प्रकाशन संस्थेला वाचकांकडून सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न लेखनाबद्दलचा नाही, किमतीबद्दलचा आहे. ‘ई-बुकला कागद लागत नाही, छपाई लागत नाही, टपालखर्च नाही. मग किंमत छापील पुस्तकाच्या निम्मी तरी का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता आमच्या धंद्याला आजचा आकार आला, म्हणून वाटचाल सांगताना मी हाच धागा धरतो.

सुरुवात डीटीपीपासून, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं जुळवण्यापासून झाली. दुसऱ्या प्रकाशकांची पुस्तकं आम्ही जुळवून द्यायचो. मजकूर टंकायचा, प्रुफं काढायची, दुरुस्त्या घालायच्या, पानं लावायची आणि छापखान्याकडे रवाना करायचं. आपण स्वतः प्रकाशक होऊ असं तेव्हा डोक्यात नव्हतं. पण या कामामुळे पुस्तकाचा पैसा कुठे जातो ते आतून पाहायला मिळालं. एखाद्या पुस्तकाची प्रुफं चार-चार वेळा फिरायची, संपादक आणि लेखक यांच्यात एका परिच्छेदावरून आठवडाभर तंटा चालायचा, मुखपृष्ठ तीनदा बदललं जायचं. या सगळ्याचं बिल कागदाचं पहिलं रीळ यंत्रावर चढण्याआधीच झालेलं असायचं.

स्वतःची पुस्तकं काढू लागल्यावर हिशेब माझ्या धाकट्या बहिणीने हाती घेतला. पहिल्याच पुस्तकाच्या वेळी तिने वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे एकदाच होणारे खर्च, उजवीकडे प्रत्येक प्रतीमागे होणारे. म्हणाली, ‘दादा, डावीकडचा आकडा बघ. हे पुस्तक छापलंच नाही तरी एवढे गेलेच की!’ नाटकाची तालीम प्रेक्षक पन्नास येवोत की पाचशे, तेवढीच करावी लागते. डावीकडची बाजू तशी असते.

उजवीकडच्या बाजूलाही एक गंमत आहे. ऑफसेट, म्हणजे धातूच्या प्लेटांवरून होणाऱ्या छपाईत त्या प्लेटा बनवणं, यंत्र जुळवणं, रंग बसेपर्यंत वाया जाणारा कागद हा खर्च प्रती कितीही काढल्या तरी जवळजवळ सारखाच येतो. सोळा पानी फॉर्म (एकत्र छापायची सोळा पानं) यंत्रावर एकदा चढला की पुढच्या प्रती स्वस्त पडत जातात. म्हणून छोट्या आवृत्तीत एक प्रत महाग पडते आणि मोठ्या आवृत्तीत स्वस्त. मोठी आवृत्ती काढायची तर ती विकली जाईपर्यंत गोडाऊनचं भाडं, दमट हवा, वाळवी आणि दुकानांतून परत येणारे गठ्ठे हे सगळं पदरात घ्यावं लागतं. मागणीनुसार एकेक प्रत छापण्याचं डिजिटल तंत्र आलं तेव्हा गोडाऊनचा प्रश्न मिटला, पण एका प्रतीचा खर्च कायमचा चढा राहिला. १९३५ मध्ये ॲलन लेन यांनी ब्रिटनमध्ये पेंग्विनची पातळ पुठ्ठ्याची पुस्तकं सहा पेन्सला विकायला काढली, ती परवडली ती मोठ्या खपाच्या भरवशावर. पातळ पुठ्ठ्याने वाचणाऱ्या पैशांत तेवढा दम नसतो.

तरीही वाचकाच्या मनातलं चित्र वेगळं असतं. त्याला वाटतं, पुस्तकाची किंमत म्हणजे मुख्यतः कागद. प्रत्यक्षात सर्वांत मोठा वाटा विक्रीच्या साखळीचा असतो. छापील किंमत १०० धरली तर वितरक आणि विक्रेता मिळून ४० ते ५० घेतात, आणि ते काही फुकट घेत नाहीत. दुकानाचं भाडं, माणसं, पडून राहिलेला माल त्यांनाही आहेच. लेखकाचं मानधन साधारण १० च्या आसपास. कागद, छपाई आणि बांधणी एकत्र केली तरी ती बहुतेक वेळा विक्रेत्यांच्या कमिशनपेक्षा कमीच भरते.

ई-बुककडे आम्ही वळलो ते ग्राहकांच्या मागणीमुळे, आणि थोडं आमच्या डीटीपीच्या ओळखीमुळे. फाइल तर आपल्याकडेच आहे, असा सोयीचा समज होता. पीडीएफ तयार होती, पण छापील पानाची पीडीएफ मोबाइलच्या पडद्यावर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. पडद्यानुसार मजकूर वाहता राहायला हवा, त्यासाठी ईपब या प्रकारची फाइल लागते. हे मानक २००७ मध्ये आलं आणि आता त्याची देखभाल डब्ल्यू३सी ही वेबची मानकं ठरवणारी संस्था करते. आमच्या जुन्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरांना एकच संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये होत्या. त्या रूपांतरित करताना जोडाक्षरं फुटत, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसे, वेलांट्या सुट्या पडत. म्हणजे रूपांतरानंतर पुन्हा पहिल्यापासून मुद्रितशोधन आलं. तळटीपांचे दुवे, तक्ते, सूची यांचं काम वेगळंच. छापील पुस्तकाच्या सूचीत पानांचे आकडे असतात, आणि वाहत्या मजकुरात तर पान ही गोष्टच नाही! बहिणीच्या वहीत डावी बाजू पुन्हा वाढली. उजवी मात्र जवळजवळ कोरी राहिली.

आता किंमत किती ठेवायची? जगात हा घोळ आधीच झालेला होता. ॲमेझॉनने नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल हे ई-बुक वाचायचं उपकरण बाजारात आणलं तेव्हा गाजलेली नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला देऊ केली. त्यांतल्या अनेक पुस्तकांसाठी प्रकाशकांना याहून जास्त रक्कम मोजली जात होती. दुकान स्वतः तोटा सोसत होतं, कारण त्याला उपकरण आणि सवय दोन्ही रुजवायचं होतं. पण वाचकाच्या डोक्यात तो आकडा ‘ई-बुकची खरी किंमत’ म्हणून बसला. माझ्या मते या धंद्यातल्या निम्म्या वादांचं मूळ तिथेच आहे.

पुढे २०१० मध्ये आयपॅडच्या निमित्ताने ॲपलने मोठ्या प्रकाशकांशी वेगळी पद्धत ठरवली. किंमत प्रकाशकाने ठरवायची, दुकानाने ३० टक्के घ्यायचे. नव्या पुस्तकांच्या किमती १२.९९ आणि १४.९९ डॉलरवर गेल्या. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१२ मध्ये ॲपल आणि प्रकाशकांवर संगनमताने किमती वाढवल्याचा खटला भरला, २०१३ मध्ये निकाल ॲपलच्या विरुद्ध गेला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिल्यावर ४५ कोटी डॉलरची तडजोड कायम झाली. ॲपल खटला हरलं, पण ७०–३० ची वाटणी आजही टिकून आहे. आमच्यासारख्या छोट्या संस्थेच्या हिशेबाची सुरुवातही तिथूनच होते.

तर समजा छापील किंमत १००. विक्रीच्या साखळीचे ४५, छपाई, बांधणी आणि वाहतुकीचे २० गेले. उरले ३५. त्यातले १० लेखकाचे, २५ आमचे, आणि त्या २५ मधून वहीची डावी बाजू भरून काढायची. आता ई-बुक घ्या. दुकान ३० टक्के घेणार, छपाई शून्य. हातात तेच ३५ यायचे असतील तर किंमत हवी ५०. म्हणजे ‘निम्मी तरी का’ या प्रश्नाचं उत्तर असं, की निम्म्या किमतीत आमच्या आणि लेखकाच्या हाती छापील प्रतीइतकंच उरतं. कागद, शाई, गाडीभाडं आणि दुकानाचं कमिशन यांत जी बचत झाली ती सगळी वाचकाला मिळालेली असते. त्याच्याही खाली गेलो की आम्ही संपादनाच्या आणि लेखकाच्या पैशांना हात घालतो. पुस्तकागणिक आकडे हलतात. जाडजूड पुस्तकात छपाईचा वाटा मोठा, म्हणून ई-बुक निम्म्याहून स्वस्त देता येतं. पातळ कवितासंग्रहात मात्र फरक थोडाच पडतो.

लेखकाच्या वाट्याबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं. मोठ्या प्रकाशकांत रूढ झालेला दर ई-बुकच्या निव्वळ प्राप्तीच्या, म्हणजे दुकानाचा वाटा वजा जाता हाती येणाऱ्या रकमेच्या, २५ टक्के असा आहे. कानाला हा दर छान वाटतो. पण वरच्याच उदाहरणात ३५ चे २५ टक्के म्हणजे पावणेनऊ, आणि छापील प्रतीवर त्याच लेखकाला १० मिळत होते. जी प्रत छापावी लागत नाही तिच्यावर लेखकाला कमी का मिळावं, याचं पटेल असं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही. आम्ही करारात टक्का न धरता रक्कम धरली: छापील प्रतीवर जेवढं, तेवढं ई-प्रतीवर. करार लिहायला अवघड गेला, पण लेखकांशी किमतीवरून होणारी कुरबूर थांबली.

दुकानांचे नियम किमतीला कसे वाकवतात याचा नमुना सांगतो. ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेत, अमेरिकी दुकानात, २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या पुस्तकावर ७० टक्के मिळू शकतात. त्याबाहेर ३५. आता ९.९९ वर तुम्हाला साधारण ७ डॉलर मिळतात. किंमत १२ केली तर मिळतात ४.२०! पुन्हा ७ पर्यंत यायला २० डॉलरच्या घरात जावं लागतं. मधला सगळा पट्टा म्हणजे खड्डा. संदर्भग्रंथासारख्या महागड्या कामाला हा नियम अगदी गैरसोयीचा, कारण त्याचा खप थोडा आणि डावी बाजू भारी. त्यात ७० टक्क्यांच्या योजनेत फाइलच्या आकारानुसार पोचवण्याचा खर्च कापला जातो, अमेरिकी दुकानात मेगाबाइटला १५ सेंट. छायाचित्रांनी भरलेली २० मेगाबाइटची फाइल असेल तर ३ डॉलर तिथेच गेले. पुस्तकाची किंमत ४.९९ असेल तर अशा फाइलला ३५ टक्क्यांची योजना जास्त पैसे देते. आमचे चित्रमय ग्रंथ म्हणूनच छापीलच राहिले. ‘डिजिटल म्हणजे वाहतूक फुकट’ असं म्हणणाऱ्यांना बहीण हा हिशेब काढून दाखवते.

किंमत उतरवली की खप वाढतो, हे तर सगळेच सांगतात. २०१४ मध्ये एका मोठ्या प्रकाशकाशी वाद चालू असताना ॲमेझॉनने आकडा मांडला होता, की १४.९९ डॉलरला एक प्रत खपत असेल तर ९.९९ ला १.७४ प्रती खपतात. गुणाकार करून बघा, एकूण रक्कम सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. आम्ही तसं करून पाहिलं. कथा-कादंबऱ्यांना ते थोडंफार लागू पडलं. वैचारिक आणि अभ्यासाच्या पुस्तकांना मुळीच नाही. ज्याला ते पुस्तक हवं आहे तो त्या किमतीला घेतो आणि ज्याला नको आहे तो फुकटातही उघडत नाही. एका ऑनलाइन दुकानाने तर आम्हाला न विचारता आमच्या एका कादंबरीची किंमत सणासुदीच्या सवलतीत नेऊन बसवली. महिनाभर छापील प्रत घेणारे आमच्याकडे ‘तिकडे एवढ्या स्वस्तात मिळते’ म्हणून भांडत होते. तेव्हापासून किंमत ठरवण्याचा हक्क आमच्याकडे ठेवणाऱ्याच दुकानांशी आम्ही करार करतो. फ्रान्सने २०११ मध्ये कायदाच करून ई-बुकची किंमत ठरवण्याचा अधिकार प्रकाशकाला दिला, जर्मनीने २०१६ मध्ये एकच किंमत ठेवण्याचा नियम ई-बुकला स्पष्टपणे लागू केला. असा कायदा मला हवाहवासा वाटतो. वाचक म्हणून विचाराल तर उत्तर बहुधा वेगळं देईन.

वाचकाची बाजू मात्र एका ठिकाणी भक्कम आहे. छापील पुस्तक त्याचं होतं. तो ते मित्राला देतो, रद्दीच्या भावात का होईना विकतो, मुलांसाठी ठेवतो. ई-बुकच्या बाबतीत बहुतेक दुकानं विकतात तो वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने, पुरवठादाराकडे हक्क नसल्याचं कळल्यावर, विकलेली पुस्तकं वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण कपाटातून पुस्तक गेलंच. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुक दुकान बंद केलं तेव्हाही तसंच, पैसे परत आणि पुस्तकं गायब. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की वापरलेलं ई-बुक हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पुन्हा विकता येत नाही. ग्रंथालयांचंही तेच. हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशन संस्थेने २०११ मध्ये ठरवलं की ग्रंथालयाने घेतलेली ई-प्रत २६ वेळा वाचायला दिली की परवाना संपला, पुन्हा विकत घ्या.

आमची विभागणी यातूनच झाली. आमच्या संकेतस्थळावरच्या ई-बुकना कुलूप नाही. ईपब फाइल खरेदीदाराच्या नावासह येते, ती कुठल्याही उपकरणावर न्या, जपून ठेवा. तिथे दुकानाचे ३० टक्के वाचतात, पण पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं शुल्क, सर्व्हर आणि ‘फाइल उघडत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तरं देणारा माणूस हा खर्च येतो. ग्रंथालयांना आम्ही वाचनांची मर्यादा घालत नाही, किंमत मात्र थोडी जास्त घेतो. चोरीने पीडीएफ फिरतात का? फिरतात. कुलूप लावलेल्यांच्याही फिरतात.

छापील प्रत घेणाऱ्याला थोड्या जादा पैशांत ई-प्रत देण्याची योजना आम्हाला सर्वांत लाभली. डावी बाजू छापील प्रतीने भरलेलीच असते, त्यामुळे इथे किंमत नाममात्र ठेवता येते. ॲमेझॉनने २०१३ मध्ये अशी योजना आणली होती आणि २०१९ मध्ये बंद केली. त्यांना ती का नकोशी झाली ते तेच जाणोत. आमच्याकडे अभ्यासक हटकून घेतात: वाचायला कागद, शब्द शोधायला फाइल.

पुनर्मुद्रणाची वेळ आली की वही उघडते. पहिल्या आवृत्तीने डावी बाजू भरून काढली असेल तर ई-बुकची किंमत तिथून खाली आणतो. ज्यांनी आधी जास्त किमतीला घेतलं त्यांची तक्रार येते, पण हा नियम आम्ही पहिल्यापासून पुस्तकाच्या पानावर लिहून ठेवतो. ज्या पुस्तकांना वर्षाला मोजकेच वाचक आहेत त्यांचं पुनर्मुद्रण आता करत नाही. ती ई-बुक म्हणून आणि मागणीनुसार एकेक प्रत छापून मिळतात, आणि त्या छापील प्रतीची किंमत पूर्वीपेक्षा चढी असते. सध्या जुन्या यादीतल्या शब्दकोशाचं रूपांतर चालू आहे. तीन मुद्रितशोधक त्यावर बसले आहेत आणि त्याच्या ई-बुकची किंमत निम्म्याच्या बरीच वर जाणार, हे बहिणीने आत्ताच सांगून ठेवलं आहे.